ज्ञानूचे कांदे

त्या रविवारी सकाळी साडेसातला चांगदेवरावांनी वाफ्याची दोनशे सव्विसावी नोंद केली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'फूल नाही.' आधीच्या सर्व नोंदींतही तेच दोन शब्द होते. आज मात्र ते लिहिल्यावर पेन कागदावरच टेकून राहिले आणि शाईचा ठिपका उमटला. चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात कालव्याच्या विसर्गाच्या नोंदी ठेवलेल्या माणसाला असा ठिपका पसंत पडणारा नव्हता. त्यांनी तो टिपकागदाने टिपला, वही मिटली आणि वाफ्याकडे पाहत उभे राहिले.

वाफा बारा फूट लांब आणि चार फूट रुंद, घराच्या पूर्वेला रस्त्यालगतच्या उंचवट्यावर होता. मे महिन्यापासून तो उघडा पडलेला. एक पानही वर नव्हते. पाने दिवाळीच्या सुमारास येत, उन्हाळ्यात सुकत, आणि वाफा पुन्हा रिकामा होई. चार वर्षे हेच चालले होते.

एकवीस कंद त्यांच्या धाकट्या मुलाने, ज्ञानेश्वरने, सिक्कीमहून आणले होते. तिकडे डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर तो सर्वेक्षक होता. वडिलांप्रमाणेच तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा कंद पायमोज्यांत कोंबलेले होते. प्रत्येक कंद त्याने स्वतः अंगठ्याने मातीत दाबला आणि सांगितले, "दसऱ्याच्या आगेमागे फुलतील." रंग मात्र त्याने कोणालाच सांगितला नाही. त्याच्या बायकोने, स्नेहलने, रागावून, लाडीगोडी लावून, अबोला धरून विचारले. "उमलल्यावर बघ," एवढेच उत्तर. जूनमध्ये तो परत गेला. ऑगस्टमध्ये तिकडे दरड कोसळली.

त्यानंतर घरात त्या कंदांना फुलझाड असे कोणी म्हटले नाही. बोरी बुद्रुकमध्ये मातीतून निघणाऱ्या गोल, सालीच्या वस्तूला एकच नाव आहे. ते 'ज्ञानूचे कांदे' झाले.

"आबा, झाली का हजेरी?" थोरला मुलगा गोरख हातात लांब टेप घेऊन वर आला. "का आजबी सगळी गैरहजर?"

"गैरहजर नाहीत. जमिनीखाली आहेत."

"मग शाळेत असून वर्गात न्हाईत म्हणा." गोरख हसला, पण टेपचे टोक त्याने वाफ्याच्या कडेच्या दगडाला लावलेच. "उद्या घट बसत्यात. गवंडी आठ वाजता येतोय. गेल्या दसऱ्याला काय ठरलं व्हतं, ध्यानात हाय ना? सर्वपित्रीपातूर फूल आलं तर वाफा राहील, न्हाई तर कांदाचाळ."

"ध्यानात आहे. मीच लिहून ठेवलं आहे."

"मग मला आज कुणी वाईट म्हनू नये, एवढंच."

गोरखला हे सांगावे लागत होते, याचाच त्याला अधिक त्रास होता. गेली दोन वर्षे जुन्या चाळीतला निम्मा कांदा सडला. ती चाळ सखल भागात होती. पावसाळ्यात खालून ओल चढे आणि श्रावणातच वास सुटे. रस्त्याला लागून, उंच, वारा खेळणारी आणि टेम्पो थेट मागे लावता येईल अशी जागा सगळ्या रानात ही एकच. जो कोणी शेती करतो त्याला हे दोन मिनिटांत पटले असते. पण घरात शेती करणारा तो एकटा होता आणि वाफ्याकडे बघून डोळे पुसणारी माणसे चार. त्या चारांत त्याची स्वतःची मुलगीही होती.

ती मुलगी, हर्षाली, तेवढ्यात पायऱ्या चढून आली. ती कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि पित्तरासाठी वसतिगृहातून आदल्या संध्याकाळी आली होती. "पप्पा, कांदे उचलून दुसरीकडं लावू म्हणालात ना तुम्ही?"

"म्हनलो की. कुंडीत लाव, बांधावर लाव. मी काय टाकून देतो व्हय?"

"आमच्या सरांनी सांगितलं, अशा कंदांना हलवलं की दोन दोन वर्षं रुसतात. आणि का फुलत नाहीत तेच माहीत नसताना नव्या जागी तरी कसे फुलतील?"

"तुज्या सरांना ईच्यार, फुलत का न्हाईत."

"विचारलं. ते म्हणाले, फुलाचा फोटो पाठव, जात सांगतो."

गोरख मोठ्याने हसला. चांगदेवरावांनाही हसू आवरले नाही. पाने पाहून शंभर जाती निघत होत्या. फुलावाचून जात कळत नव्हती आणि जातीवाचून फूल का नाही ते कळत नव्हते. चार वर्षे त्यांनी पाणी कमी केले, पाणी वाढवले, शेणखत दिले, उन्हाळ्यात वाफा कोरडा ठेवून पाहिला. प्रत्येक फरक त्यांनी स्वतंत्र वर्षी केला, म्हणजे कशाचा परिणाम कशावर झाला ते निश्चित सांगता यावे. परिणाम कशाचाच झाला नाही.

"एक उपाय राहिला आहे," ते म्हणाले. "छेद घेणे."

हर्षालीने मान वर केली. "काकी घेऊ देणार नाही."

"आज विचारून पाहू. उद्या विचारण्यात अर्थ नाही."

---

स्नेहल स्वयंपाकघरात भोपळ्याच्या फोडी करत होती. चुलीपाशी तिची थोरली जाऊ प्रतिभा वडे थापत होती. सासूबाई, कुशाबाई, मागल्या दारी कावळ्याच्या घासासाठी केळीचे पान धूत होत्या.

"तुज्या दीराचा टेप निघालाय बघ बाहेर," प्रतिभा म्हणाली. "लग्नात मंडप मोजायला बी एवढ्या घाईनं काढला नव्हता."

"मोजू देत, ताई. शब्द दिला होता मी."

"शब्द दिलास, पण तोंड बघ आरशात." प्रतिभाने वडा कढईत सोडला. "हे बघ, चाळ मलाबी पायजे. सडका कांदा निवडून निवडून माज्या हाताचा वास दिवाळीपातूर जात न्हाई. पण तू आज येकदा न्हाई म्हनलीस तर मी तुज्या बाजूनं बोलीन. मग रात्रभर त्यांची कुरकुर ऐकायची ती मी ऐकीन."

स्नेहलने भोपळ्याची पुढची फोड केली. तिला वाफा हवा होता असे सगळे समजत. खरे तर वाफ्यापेक्षा तिला एका गोष्टीचे उत्तर हवे होते, आणि ते उत्तर एकाच माणसाने जवळ ठेवून नेले होते. नवऱ्याबद्दल तिला ठाऊक नसलेले असे जगात एवढेच उरले होते. बाकी सगळे माहीत झालेले होते आणि म्हणून संपलेले होते. हा रंग कळेपर्यंत तो तिला काही तरी सांगायचा बाकी आहे, असे वाटत राही. उद्या पाया खणला की ते सांगणे कायमचे राहून जाणार होते.

चांगदेवराव दारात येऊन उभे राहिले. स्वयंपाकघरात ते सहसा येत नसत.

"स्नेहल, एक विचारायचं आहे. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही. एक कंद कापू दे."

विळीवरचा तिचा हात थांबला. हे त्यांनी दोनदा विचारले होते आणि दोनदा तिने नकार दिला होता. त्याच्या अंगठ्याने मातीत बसवलेल्या वस्तूवर सुरी चालवायची ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

"कापून काय दिसेल, आबा?"

"यंत्र बाहेरून पाहून बंद का पडलं ते कळत नाही. उभा छेद घेतला की आतली रचना दिसते. आत फुलाचा अंकुर धरतच नसेल, तर हवा त्याला मानवत नाही. मग हा वाफा इथे ठेवण्यात अर्थ नाही. अंकुर धरत असेल, तर दोष बाहेर कुठेतरी आहे आणि तो शोधता येईल."

"आणि तो धरत नसेल, तर तुम्हीच म्हणाल, खोदा."

"हो," चांगदेवराव म्हणाले. "तसं असेल तर मीच म्हणेन."

हे त्यांनी इतके सरळ सांगितले, म्हणूनच तिला त्यांच्यावर विश्वास ठेवता आला. तिने हात धुतले. "मीच कापते. माझ्याकडं ब्लेड आहे." नारायणगावच्या एका दवाखान्यात ती लॅबमध्ये काम करीत असे.

---

पाट ओसरीवर मांडला गेला. चांगदेवरावांनी त्यावर आलेखाचा कागद पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वजनासाठी सुपाऱ्या ठेवल्या. वाफ्याच्या अगदी कडेचा कंद हर्षालीने हाताने माती उकरून काढला. काढताना तो एकटा आलाच नाही. त्याला बिलगून आणखी तीन लहान कंद वर आले.

"अगं, ह्याचं तर कुटुंब झालंय!" प्रतिभा हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली होती.

"एकाचे चार," चांगदेवरावांनी नोंदले. "म्हणजे पोषणात दोष नाही. कंद तर चांगलाच पोसला आहे."

गोरखने कंद तळहातावर घेऊन तोलला. कांदा ओळखणारा त्याचा हात होता. "निर्यातीचा माल हाय," तो पुटपुटला, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने कंद हळूच पाटावर ठेवला.

स्नेहलने मोठा कंद घेतला, बाकीचे तीन पदराखाली ठेवले. कोऱ्या ब्लेडने तिने शेंड्यापासून बुडख्यापर्यंत एकच सरळ रेघ ओढली. कंद दोन भागांत उघडला. आत पांढरे, एकात एक बसलेले पापुद्रे होते. पातळ चिकट रस कागदावर पसरला.

चांगदेवरावांनी भिंग डोळ्याला लावले.

"हर्षाली, हे बघ. मधोमध, बुडख्यावर."

"तांदळाच्या कणीएवढं आहे काही तरी, आबा. हिरवट."

"तो अंकुर. पुढच्या वर्षाचा." त्यांच्या आवाजात एरवी नसलेली घाई आली. "आता त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांमध्ये बघ. हे जाड जाड पांढरे ते पानांचे बुंधे. आणि त्यांच्यामध्ये ही चपटी, कागदासारखी तपकिरी पट्टी. काही पाने, मग एक पट्टी. पुन्हा काही पाने, पुन्हा पट्टी. मोज."

"एक… दोन… तीन."

"तीन वर्षांचे तीन जुने दांडे. पहिल्या वर्षी जागा नवी, तेव्हा नसेल आला. आणि ही चौथी." त्यांनी सुईने दाखवले. "ही सुकलेली नाही. ओली आहे. हा या वर्षीचा दांडा."

स्नेहल पुढे वाकली. "म्हणजे?"

"म्हणजे दरवर्षी फूल येत होतं."

आत कढईतला वडा करपत असल्याचा वास आला तरी प्रतिभा हलली नाही.

"येत होतं तर गेलं कुठं?" हर्षाली म्हणाली.

चांगदेवरावांनी कंदाची मान भिंगाखाली धरली. चौथा दांडा मातीच्या किंचित खाली तुटला होता. कडा सरळ होत्या. दातांच्या खुणा नव्हत्या. "पान येण्याआधी दांडा येतो. आपण सगळे पानांनंतर फुलाची वाट पाहत होतो. दांडा दोन-तीन दिवसांत बाहेर पडत असला पाहिजे आणि मी मोजतो रविवारी." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "पण हा खाल्लेला नाही. साळिंदर असतं तर कंदच उकरला असता. शेळीनं ओरबाडलं असतं. हा बोटांनी खुडलेला आहे."

बोटांनी, हा शब्द सगळ्यांनी ऐकला. आणि मग, कोणी ठरवले नसताना, एकेक नजर गोरखकडे वळली. प्रथम स्नेहलची. ती तिने लगेच खाली केली. पण गोरखने ती पाहिली होती.

"पप्पा," हर्षालीने अगदी हळू विचारले, "तुम्ही…?"

"काय मी?"

"काही नाही."

"न्हाई, बोल. काय मी? चाळीसाठी भावाची फुलं खुडली? चार वर्सं? पहाटं उठून?" गोरख लेकीकडे वळला. "लेकीनं इच्यारावं हे! ह्याच वाफ्याला मोटारीचा पाइप कुनी आनून दिला? आबा, तुमीबी तसंच समजता का?"

चांगदेवरावांना लगेच उत्तर देता आले नाही. पुरावा नसताना ते 'नाही' म्हणत नसत आणि 'हो'ही म्हणत नसत. आयुष्यभराची ती सवय त्या क्षणी मुलाला फार लागली.

"मी सांगते," प्रतिभा झारा उगारून म्हणाली. "ह्यांना पहाटं उठवायला मला कोंबड्यापेक्षा मोठ्यानं ओरडावं लागतं. हे काय खुडत्यात!"

"काय खुडायचं चाललंय?" कुशाबाई मागल्या दारातून आल्या. कावळ्याने घास लगेच घेतला होता, म्हणून त्या समाधानात होत्या. पाटावरचा उघडा कंद त्यांनी पाहिला. "आगं बया, कापलात व्हय! ज्ञानूचा कांदा कापलात?"

"आजी, ह्याचे दांडे कुणीतरी मोडतंय. दरवर्षी."

"दांडे कुठलं? डेंगळी व्हय?" कुशाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "ती मी मोडते की."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"अशी काय बघताय? कांद्याला डेंगळा आला तर मोडू न्हाई तर काय त्याची आरती करू? गोरख, तू सांग की ह्यांना. डेंगळा ठिवला तर कांदा आतनं पोकळ व्हतो. सगळा जीव वर जातो. माझी आई सांगायची, डेंगळा दिसला की उबं ऱ्हायचं न्हाई, वाकायचं. ज्ञानूच्या कांद्याला दर साली येत्यात, ह्या पंधरवड्यातच. पानाचा पत्ता न्हाई आन नुसता दांडा! मी रोज पहाटं फुलं काढाया जाते तवा बोट घालून मुळातनं खुडते. ह्या साली लई आली. बिस्तरवारपासनं चौदा मोडली." त्यांनी अभिमानाने स्नेहलकडे पाहिले. "म्हनून तर कांदा असा पोसलाय. फूल येईल तवा कसं भरून येईल!"

हर्षालीने तोंडावर हात दाबला.

"आई," गोरख म्हणाला, "तेच फूल व्हतं."

"कुठलं?"

"डेंगळं म्हनून मोडलंस तेच."

---

कुशाबाई जेवल्या नाहीत. पित्तराचे ताट मुलाच्या नावाने वाढले गेले, घरातले सगळे खाली मान घालून जेवले, आणि त्या जुन्या चाळीच्या सावलीला एका पाटीवर बसून राहिल्या. चाळीत उरलेल्या कांद्यांचा तिखट, ओलसर वास येत होता. या वासात त्यांचा जन्म गेला होता. आठव्या वर्षी आईमागून सरीत चालताना पहिला डेंगळा मोडल्याचे त्यांना अजून आठवत होते. तो मोडताना होणारा आवाजही. हाताला शिकवलेली गोष्ट डोळ्यांना विचारत नाही. गेली चार वर्षे ते दांडे मोडताना त्यांना वाटे, ज्ञानू दूर आहे तोवर त्याची वस्तू आपण राखतो आहोत. आणि आपण राखत नव्हतो. दरवर्षी तो काही तरी पाठवत होता आणि आई उंबऱ्यावरूनच ते परत लावत होती.

गोरख येऊन समोर उकिडवा बसला. "आई, उठ. दोन घास खा."

"गोरख, उद्या गवंडी येतोय न्हवं?"

"येतोय."

"खोद ते. सगळं खोद. मला दिसाया नको."

दोन वर्षे गोरख या घरातल्या एकातरी माणसाच्या तोंडून हेच ऐकण्याची वाट पाहत होता. आता ते ऐकल्यावर त्याला आपल्या खिशातला टेप जड वाटला.

"न्हाई खोदत," तो म्हणाला.

"चाळीचं काय मग?"

"बघू."

"बघू काय! कांदा सडवतोस का? माझ्यापायी?"

"तुज्यापायी न्हाई. मला आता तुज्यासकट सगळ्यांपेक्षा जास्त बघायचंय ते काय हाय ते." तो उठला, चार पावले गेला आणि वळून म्हणाला, "लेकीनं माज्यावर आळ घेतला त्याच्यापायी. फुकट आळ घ्यायचा काय?"

कुशाबाईंना त्याही स्थितीत किंचित हसू आले.

थोड्या वेळाने स्नेहल आली. तिच्या हातात ताट होते. ते तिने पाटीच्या कडेला ठेवले आणि सासूच्या बाजूला जमिनीवर बसली. दोघी समोरच्या ओस वाफ्याकडे पाहत राहिल्या.

"बोल मला," कुशाबाई म्हणाल्या. "शिव्या दे. तुजा हक्क हाय."

"देणार होते. येताना वाटेत सगळ्या जमवल्या होत्या." स्नेहलचा आवाज कोरडा होता. "चार वर्षं, आई. मी एकदा तरी तुमच्याबरोबर पहाटे आले असते तर दिसलं असतं. मला सातची गाडी असते म्हणून मी कधी आले नाही. मग त्या तुम्हाला एकट्यांनाच कशा देऊ?"

"मी सांगितलं बी न्हाई कुनाला."

"का नाही सांगितलंत?"

"आंगन झाडलं ते बी सांगायचं असतं व्हय?"

स्नेहलने वड्याचा तुकडा मोडून सासूच्या हातावर ठेवला. कुशाबाईंनी तो खाल्ला नाही. नुसता धरून ठेवला. मग काही तरी आठवून त्या एकदम वळल्या.

"पोरी, तुला रंग पायजे व्हता न्हवं? मला ठावं हाय की! दांड्याच्या शेंड्याला येक गाठ असती, ती उकलली की आत जरासा…"

स्नेहलने झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "सांगू नका."

"आगं, पन आता ह्या साली…"

"नको, आई. पुढच्या वर्षी येऊ दे, त्याच्या पुढच्या वर्षी येऊ दे. ह्यांनी मला सांगायचं ठेवलंय. तुम्ही मधे पडू नका." तिचे डोळे भरले होते आणि तरीही हे बोलताना तिला आपण सासूशी भांडतो आहोत याची गंमत वाटली.

तिन्हीसांजेला चांगदेवरावांनी चाळीचा आराखडा नव्याने काढला. चाळ उत्तरेकडे सरकवली, तर वाफा राहत होता. पण टेम्पोला वळण्यासाठी जागा सोडावी लागत होती आणि चाळीचे दोन कप्पे कमी होत होते. हे त्यांनी गोरखपासून लपवले नाही. कमी पडणारे माप त्यांनी लाल पेन्सिलीने दाखवले.

"दोन कप्पे," गोरख म्हणाला. त्याने लाल रेघेवरून बोट फिरवले. "म्हंजी येक टेम्पो कांदा उघड्यावर."

"हो. तुझं नुकसान आहे. आणि सकाळी मी तुला वेळेवर उत्तर दिलं नाही, तेही माझ्याकडून राहिलं. मला माहीत होतं, तू नव्हतास. सिद्ध करता येत नव्हतं म्हणून गप्प बसलो. ते चूक होतं."

गोरखने कागदाची गुंडाळी केली. "उद्या गवंड्याला दावतो," एवढेच तो म्हणाला. पण जाताना त्याने वडिलांच्या पाठीवर हात टेकवला. असे त्याने पूर्वी कधी केल्याचे चांगदेवरावांना आठवत नव्हते. त्यांनी नोंदवही उघडली, पट्टी घेतली आणि सात रकान्यांच्या उजवीकडे आठवा आखला. त्याला शीर्षक काय द्यावे हे ठरेना. अखेरीस त्यांनी लिहिले, 'वाफ्यावर कोण आले होते.'

---

तिसऱ्या माळेच्या पहाटे कुशाबाईंची हाक आली. हाक अशी होती, की गोरख काठी घेऊन धावला; उसात बिबट्या आला असेच त्याला वाटले. कुशाबाई वाफ्याच्या कडेला उभ्या होत्या आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधून घेतले होते.

"त्यो बघ. आला. मला लांब ने हितनं."

ज्ञानेश्वरचे एकवीस कंद आता किती झाले होते ते कोणी मोजले नव्हते. मोडायचे राहिलेल्यांपैकी एकाने मातीतून करंगळीएवढा, बिनपानाचा, फिकट दांडा वर काढला होता. चांगदेवराव त्या दिवसापासून रविवारची वाट न पाहता सकाळ-संध्याकाळ पट्टी लावू लागले. पहिल्या दिवशी चार इंच, दुसऱ्या दिवशी नऊ. प्रतिभाने कोंबड्या कोंडल्या. गवंड्याला उत्तरेच्या बाजूनेच माती टाकायची ताकीद मिळाली. हर्षालीने वसतिगृहात जाणे आठवडाभर पुढे ढकलले आणि गोरखने त्याबद्दल तिला एका शब्दानेही विचारले नाही. शेंड्याच्या गाठीकडे स्नेहल पाहत नसे. कामावर जाताना ती वाफ्याजवळून मान वळवून जाई, आणि सगळे घर तिच्यासमोर रंगाविषयी बोलण्याचे टाळी.

सहाव्या माळेला तिने सुट्टी घेतली. पहाटे कुशाबाई तिला उठवायला आल्या तेव्हा ती जागीच होती. दोघी वाफ्याशी गेल्या. बाकीचे ओसरीवरच थांबले. तसे कोणी सांगितले नव्हते.

ऊन कुकडी नदीच्या बाजूने वर आले तेव्हा दांड्याच्या टोकाशी सहा फुले एका वर्तुळात उघडलेली होती. पाकळ्या अरुंद, मागे वळलेल्या. केसर लांब, पाकळ्यांच्या बाहेर आलेले. आणि रंग. केशरी म्हणावा तर त्यात लाल होते, लाल म्हणावा तर डोळ्यांना टोचत होता. सबंध रानात त्या रंगाची दुसरी वस्तू नव्हती.

स्नेहल पाहत राहिली. मग तिच्या तोंडून आवाज फुटला तो हुंदक्याचा की हसण्याचा, हे कुशाबाईंना कळेना.

"काय झालं गं?"

"आई, हा रस्त्याच्या कामावरच्या जॅकेटचा रंग आहे. अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून घालतात ना, ते. सहा वर्षं ह्यांनी प्रत्येक फोटो तेच घालून काढला. मी म्हणायचे, एक तरी फोटो बऱ्या शर्टात पाठवा."

कुशाबाईंनी फुलाकडे नीट पाहिले, मग सुनेकडे. "मग? आवडला का तुला?"

"नाही," स्नेहल म्हणाली. ती आता उघड हसत होती आणि गालांवरून पाणी ओघळत होते. "अजिबात नाही. मे महिन्यात सांगितलं असतं ना, तर मी तेव्हाच म्हटलं असतं, दुसरे आणा."